पैलवान गाड्यांच्या गावी

देवाधर्माच्या यात्रा आपण सगळेच करतो. कोणी पंढरीला जातो, कोणी जोतिबाला, कोणी आयुष्यात एकदा काशी करून येतो. माझी एक यात्रा मात्र जरा वेगळी होती आणि ती घडायला पन्नाशी उलटावी लागली. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉईट नावाचे शहर आहे. मोटारगाड्यांचे माहेरघर म्हणून त्याची जगभर ख्याती. २०२४ सालच्या ऑगस्टमध्ये खात्याची रीतसर परवानगी व रजा घेऊन मी आणि आमच्या सौ. तिथे तीन आठवडे राहून आलो. पुतण्या तिकडे इंजिनिअर आहे, त्याच्याकडे उतरलो होतो. परत आल्यावर पाहुण्यारावळ्यांनी विचारले, नायगारा पाहिला का? न्यूयॉर्क पाहिले का? मी म्हटले, नाही, मी एक रस्ता पाहिला. त्या रस्त्याची, त्यावरून धावणाऱ्या गाड्यांची आणि त्या गावाची ही हकीकत. शेतकऱ्याच्या घरात मोटारीच्या गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. पण शेवटपर्यंत वाचा, आपल्या बांधावरचेच बरेच काही त्यात सापडेल.

रस्त्यावरचा बेंदूर

वुडवर्ड ॲव्हेन्यू हे त्या रस्त्याचे नाव. डेट्रॉईट नदीच्या बाजूने निघून पाँटिॲक नावाच्या गावापर्यंत सुमारे ३५ किलोमीटर तो वायव्येकडे जातो. फार पूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांची ती पायवाट होती. पुढे त्यावर घोडागाड्या आल्या, मग मोटारी आल्या. १९०९ साली या रस्त्याच्या एका मैलावर काँक्रीट टाकले गेले. अमेरिकेतला मैलभर लांबीचा पहिला काँक्रीटचा रस्ता म्हणून त्याचे नाव घेतात. आज आपल्या ग्रामपंचायती गल्लोगल्ली काँक्रीट टाकतात, त्याचा पणजोबा म्हणा ना!

दरवर्षी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी या रस्त्यावर जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते. १९९५ साली फर्नडेल या लहान गावात मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी वर्गणी जमवायची म्हणून कोणाच्या तरी डोक्यातून ही कल्पना निघाली. आता आयोजक सांगतात की सुमारे ४० हजार जुन्या गाड्या आणि दहा लाखांच्या आसपास माणसे तिथे जमतात. आकडा कमी-जास्त असेल. मी पाहिले ते एवढेच की सकाळी सातला आम्ही पोहोचलो तेव्हा रस्त्याच्या दोन्ही कडांना घडीच्या खुर्च्या टाकून माणसे बसली होती. आजोबा, आजी, लेकी, जावई, नातवंडे, बर्फाची पेटी, फराळाचे डबे. आषाढात पालखीच्या वाटेवर दर्शनासाठी गावे बसतात, तशीच ही गर्दी. समोरून गाड्या पालखीच्याच चालीने हळूहळू सरकत होत्या.

गाड्यांचा थाट पाहून मला आमचा बेंदूर आठवला. बेंदराला बैल धुऊन, शिंगे घोळून, हिंगूळ लावून, झूल पांघरून बाहेर काढतो, तशा या गाड्या घासूनपुसून आणलेल्या. कुठे धुळीचा ठिपका दिसला की मालक खिशातून मऊ कापड काढून पुसून घ्यायचा. बहुतेक मालक सत्तरीच्या पुढचे. आमच्या सौ. म्हणाल्या, "अहो, आंघोळ झाली, शृंगार झाला. आता नैवेद्य तेवढा राहिला." तोही नव्हता असे नाही. रस्त्याकडेच्या पंपावर गाड्यांची रांग लागली होती आणि प्रत्येक गाडी घागरीने पाणी प्यावे तसे पेट्रोल पीत होती.

मला हे वेड कुठून लागले

आमचे गाव करवीर तालुक्यातले. वडिलांची तीन एकर जमीन, त्यात ऊस. हंगामात गुऱ्हाळ लागे आणि गुळाच्या ढेपा कोल्हापूरला शाहूपुरीच्या पेठेत जात. त्या न्यायला एक ट्रक येई. त्याच्या तोंडावर मोठ्या अक्षरांत 'फार्गो' असे लिहिलेले असे. ट्रक चढाला तापला की ड्रायव्हरमामा तो उभा करी, बॉनेट उघडी आणि मला कळशीभर पाणी आणायला पिटाळी. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांचा. पाणी आणून दिले की बॉनेटच्या आत डोकावायला मिळे, एवढीच मजुरी. आत पर्किन्सचे डिझेल इंजिन होते. मामा सांगत, "इंजिन दुसरं हाय, पण गाडीचं मूळ गाव डेट्रॉईट. तितं म्हणं घरटी मोटार हाय."

पुढे मोठेपणी कळले की मामा चुकीचे सांगत नव्हते. फार्गो ही डेट्रॉईटच्या क्रायस्लर कंपनीची छाप. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिने क्रायस्लरशी करार करून मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, प्लिमथ या मोटारी आणि फार्गो ट्रक जोडायला सुरुवात केली. त्याच्याही आधी, १९२८ साली, जनरल मोटर्स या दुसऱ्या डेट्रॉईटच्या कंपनीने मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला होता. म्हणजे आमच्या गुळाच्या ढेपा आणि ते दूरचे शहर यांचे नाते जुनेच होते.

त्याच सुमारास रद्दीतून आलेल्या एका अमेरिकन मासिकाचे रंगीत पान माझ्या हाती लागले. लाल रंगाची, दोन दारांची, रुंद छातीची गाडी. आमच्याकडे तेव्हा दिसत त्या ॲम्बेसिडर आणि फियाट. हिचे रूप पाहून वाटले, ही मोटार नव्हे, हा पैलवान आहे. खाली इंग्रजीत काय लिहिले होते ते वाचता येत नव्हते. ते पान मी पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवले. शाळेत, मग कोल्हापूरला शेतकी महाविद्यालयात, मग नोकरीत, जिथे बदली झाली तिथे ट्रंक सोबत गेली. ऊस आणि सोयाबीनच्या वहीशेजारी माझी दुसरी एक वही असे. तिच्यात गाड्यांची नावे, इंजिनांची मापे आणि साल. सोबतचे अधिकारी हसत. उद्यमनगरातले मिस्त्री मात्र हसत नसत, ते चहा पाजून आणखी दोन गोष्टी सांगत.

पैलवान गाडी म्हणजे काय

या गाड्यांना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. मसल म्हणजे स्नायू, म्हणून मी त्यांना पैलवान गाड्या म्हणतो. युक्ती साधी होती. गाडी मध्यम आकाराची, किंमत तरुण नोकरदाराला झेपेल अशी, आणि आत इंजिन मात्र मोठ्या गाडीचे. खिल्लारी खोंडाला जुंपायच्या छकड्याला हत्ती जुंपावा, तसा प्रकार.

याची सुरुवात १९६४ सालच्या 'पाँटिॲक जीटीओ' या गाडीपासून झाली असे बहुतेक जाणकार मानतात. हकीकत गमतीची आहे. मध्यम गाडीत ३३० घन इंचांपेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा जनरल मोटर्सचा नियम होता. पाँटिॲक विभागाचे इंजिनिअर जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सोबत्यांनी नवी गाडी काढलीच नाही. चालू असलेल्या टेंपेस्ट गाडीला, गिऱ्हाइकाने मागितले तर, सुमारे २९६ डॉलर जादा घेऊन ३८९ घन इंचांचे इंजिन बसवून द्यायचे असे ठरवले. नियम नव्या गाडीला होता, मागणीवरून बसवायच्या सामानाला नव्हता! पाच हजार गाड्या खपतील असा वरच्यांचा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२ हजारांवर खपल्या.

मग सगळे आखाड्यात उतरले. फोर्डची मस्टँग १७ एप्रिल १९६४ रोजी बाजारात आली आणि वर्षभरात चार लाखांवर विकली गेली. ती अंगाने लहान, पण पुढे तिच्यातही मोठी इंजिने बसली. डॉज चार्जर, प्लिमथ रोडरनर, शेव्हरोले शेव्हेल अशी एकाहून एक नावे निघाली. क्रायस्लरच्या 'हेमी' इंजिनाचे माप ४२६ घन इंच, म्हणजे सुमारे ७ लिटर, आणि ताकद ४२५ अश्वशक्ती सांगितली जाई. १९७० च्या एका शेव्हेलची ४५० होती.

आता हे आकडे आपल्या भाषेत मांडू. आपल्या विहिरीवरचे जुने डिझेल इंजिन पाच अश्वशक्तीचे. आपला नेहमीचा ट्रॅक्टर ४५ चा. म्हणजे त्या एका गाडीत नऊ ट्रॅक्टर बसवलेले. मग तिने नांगरट होईल का? नाही. अश्वशक्ती म्हणजे ठराविक वेळात किती काम होते त्याचे माप. ट्रॅक्टर तीच ताकद गिअरच्या साखळीतून सावकाश करून ओढीत बदलतो, आणि त्याचे वजन व मोठी चाके माती धरून ठेवतात. पैलवान गाडी सगळी ताकद वेगात घालवते. शिवाय त्या काळचे आकडे इंजिन बाकावर ठेवून, पंखा वगैरे जोडकाम न लावता मोजलेले असत. १९७२ पासून अमेरिकन कंपन्यांनी गाडीत बसवलेल्या स्थितीत मोजलेली ताकद छापायला सुरुवात केली आणि आकडे एकदम खाली आले. बियाण्याच्या पिशवीवरचे उत्पादन आणि आपल्या रानातले उत्पादन यांत जो फरक असतो, तोच हा.

आणि पेट्रोल? लिटरला चार-पाच किलोमीटर. पण तेव्हा तिकडे गॅलनभर, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर, पेट्रोल ३३ सेंटच्या आसपास मिळे. स्वस्त पाणी असले की पाट कसा वाहतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

म्हाताऱ्याची जीटीओ

रॉयल ओक या गावाजवळ रस्त्याकडेला एक गाडी उभी होती. १९६७ सालची जीटीओ, गडद निळी. मी थबकलो. माझ्या तोंडून, "चारशे घन इंच, तीनशे पस्तीस अश्वशक्ती" असे शब्द गेले, तसा खुर्चीत बसलेला म्हातारा उठून उभा राहिला. वय शहात्तर. त्याने विचारले, "कुठून आलात?" भारत म्हटल्यावर त्याने बॉनेटच उघडले.

तो पाँटिॲकच्या कारखान्यात कामाला होता. एकोणिसाव्या वर्षी हप्त्याने ही गाडी घेतली आणि ५७ वर्षे विकली नाही. सांगू लागला की त्या काळी रात्री याच वुडवर्डवर, सिग्नलपासून सिग्नलपर्यंत पोरांच्या शर्यती लागत. रस्त्याकडेला गाडीत बसूनच खायची उपाहारगृहे होती, तिथे पैजा ठरत. कंपन्यांचे इंजिनिअरही नवी इंजिने आजमावायला रात्री गुपचूप इथे येत. ही गोष्ट मी पूर्वी वाचली होती. ज्याने ती पाहिली त्याच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला.

संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर त्याने मला शेजारी बसवून एक फेरी मारली. इंजिन चालू झाले तेव्हा आवाज कानांत नाही, छातीत ऐकू आला. मोकळ्या रस्त्यावर त्याने पाय दाबला आणि कोणी छातीवर हात ठेवून मागे ढकलावे तसा मी बैठकीला टेकलो. चार-पाच क्षणच. मग पुढे दिवा लाल झाला. त्याने बरेच आधीपासून ब्रेक दाबत आणले. म्हणाला, "पळवणं सोपं होतं, थांबवणं शिकावं लागतं." या गाड्यांपैकी पुष्कळांना चारी चाकांना जुने ड्रम ब्रेक असत. ताकद पैलवानाची आणि लगाम शिंगराचा.

त्याचे दोन मुलगे कामासाठी दूरच्या राज्यांत गेले. दोघांनाही ही गाडी नको. ठेवायला जागा नाही, देखभालीला वेळ नाही. "मग पुढे?" मी विचारले. त्याने मागे बोट दाखवले. पंधरा वर्षांची त्याची नात डिस्ट्रिब्यूटरचे झाकण काढून, पातळ पट्टीने पॉइंटमधले अंतर मोजत होती. सुट्टीत आली की आजोबा तिला एकेक काम शिकवतो. या उन्हाळ्यात पॉइंट, पुढच्या उन्हाळ्यात कार्बोरेटर. "गाडी तिच्या नावावर करणार, पण आधी कार्बोरेटर उघडून परत बसवून दाखवायला हवा," म्हातारा म्हणाला. मला हे फार आवडले. नुसते सातबाऱ्यावर नाव लावून शेती वारशाला जात नाही, हे तोही जाणत होता.

शेतकऱ्याचा मुलगा

दुसऱ्या दिवशी पुतण्याने आम्हाला शेजारच्या डिअरबॉर्न गावी हेन्री फोर्ड संग्रहालयात नेले. हेन्री फोर्ड हा शेतकऱ्याचा मुलगा. जन्म ३० जुलै १८६३ चा, डिअरबॉर्नजवळच्या शेतावर. त्याला शेतकामाचा कंटाळा, यंत्राचा नाद. बारा-तेरा वर्षांचा असताना बापाबरोबर गाडीतून जाताना रस्त्यात त्याला आपोआप चालणारे वाफेचे इंजिन दिसले. गाडी थांबताच तो उडी टाकून इंजिनवाल्याशी बोलायला धावला. हे वाचून मला ड्रायव्हरमामांचे बॉनेट आठवले नसते तरच नवल!

१९०८ साली त्याने मॉडेल टी ही मोटार काढली. १९१३ साली वुडवर्डवरच्याच हायलँड पार्क कारखान्यात सरकती जोडसाखळी सुरू केली. माणूस जागेवर उभा आणि काम त्याच्यासमोर सरकत येणार. गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम दीड तासावर आले. १९१४ साली त्याने दिवसाला पाच डॉलर मजुरी जाहीर केली आणि कामासाठी माणसांची रीघ लागली. मॉडेल टी दीड कोटीहून जास्त खपली. खेड्यातले शेतकरी तिचे मागचे चाक उचलून, त्याला पट्टा लावून लाकूड कापत, पाणी उपसत. आपल्याकडे ट्रॅक्टरवर मळणी करतात तशीच ही अक्कल.

१९१७ पासून त्याने फोर्डसन ट्रॅक्टर काढला. आणि मला सर्वांत नवल वाटले ते सोयाबीनचे. १९३० नंतरच्या दशकात फोर्डने सोयाबीनवर प्रयोगशाळा चालवली. सोयाबीनचे तेल मोटारीच्या रंगात, पेंडीपासून केलेले प्लास्टिक हॉर्नच्या बटणासारख्या भागांत. मोटारीचा माल शेतातून यावा असे त्याचे स्वप्न होते. १९४१ साली त्याने शेतमालापासून केलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांची एक गाडीही लोकांना दाखवली. पुढे महायुद्ध आले आणि ते तसेच राहिले. आपण सोयाबीन काढतो, बाजारात नेतो आणि भावाकडे डोळे लावून बसतो. त्याचे आणखी काय होऊ शकते हे नव्वद वर्षांपूर्वी कोणी हात घालून पाहिले होते, हे आपल्या पोरांना सांगण्यासारखे आहे.

तिथेच मस्टँगची क्रमांक एकची गाडी आहे. ती दाखवण्यासाठी म्हणून कॅनडात पाठवलेली, पण तिथल्या एका वैमानिकाला विकली गेली. दोन वर्षे तो ती देईना. शेवटी कंपनीने दहा लाख गाड्या पुऱ्या होतानाची नवी कोरी मस्टँग त्याला दिली, तेव्हा ही परत मिळाली. जवळच फोर्डचा ट्रकचा कारखाना आहे. त्याच्या छपरावर सुमारे दहा एकरांत सेडम ही कमी पाण्यावर वाढणारी वनस्पती लावली आहे. पावसाचे पाणी धरून ठेवणे आणि इमारत थंड राखणे हा हेतू. मोटारीच्या कारखान्यावर दहा एकरांचे रान पाहून माझ्यातला शेती अधिकारी तासभर तिथून हलला नाही.

पाट आटला

पैलवानांचा काळ जेमतेम दहा वर्षांचा. या गाड्यांची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १९६६ पासून पुढची काही वर्षे अमेरिकेत रस्त्यावरच्या अपघातांत दरवर्षी ५० हजारांवर माणसे मरत होती. सगळा दोष या गाड्यांचा नव्हे. पण विमा कंपन्यांनी तरुणांच्या ताकदवान गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० साली हवा शुद्ध राखण्याचा कडक कायदा झाला. शिसे नसलेल्या पेट्रोलवर चालावे म्हणून इंजिनांचा दाब कमी करावा लागला. आणि ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेला तेल बंद केले. पंपांवर रांगा लागल्या. त्याच धक्क्याने जगभर रासायनिक खतांचे भावही चढले. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळातून माणसे उठतात न उठतात तोच तो फटका बसला, हे आपल्या घरातली वडीलधारी मंडळी सांगतील.

लोकांनी लहान, कमी तेल पिणाऱ्या परदेशी गाड्या घेतल्या. डेट्रॉईटच्या कंपन्यांना तशा चांगल्या गाड्या बनवायची सवयच नव्हती. कारखाने दुसऱ्या राज्यांत, दुसऱ्या देशांत गेले. त्याआधीच गोऱ्या लोकांनी शहर सोडून उपनगरांची वाट धरली होती. जुलै १९६७ च्या दंगलीत ४३ माणसे मेली, त्यानंतर ही गळती वाढली. १९५० साली शहरात साडेअठरा लाख माणसे होती. २०२० च्या शिरगणतीत ती ६ लाख ३९ हजार भरली. २००९ साली जनरल मोटर्स आणि क्रायस्लर दोन्ही दिवाळखोरीत गेल्या. ज्या पाँटिॲकने पहिला पैलवान घडवला ती छापच २०१० साली बंद झाली. २०१३ साली खुद्द डेट्रॉईट शहराच्या पालिकेने दिवाळे जाहीर केले.

पुतण्याबरोबर शहराच्या जुन्या वस्त्यांतून फिरलो. एका ओळीत दहा घरांची जागा, त्यांतली तीन उभी आणि सात ठिकाणी गवत. तेव्हा मला आमची डाळिंबे आठवली. गावेच्या गावे एका पिकामागे गेली, बंगले झाले, गाड्या आल्या, आणि तेल्या पडला तेव्हा बागा मुळासकट उपटाव्या लागल्या. डेट्रॉईट हे एका पिकाचे शहर होते. पीक उत्तम होते, भाव सोन्याचा होता. पण बांधावर दुसरे काही लावलेले नव्हते.

मोकळ्या जागेतली भाजी

तरी ते गाव मेलेले नाही. १९८८ पासून ओस पडलेले भव्य रेल्वे स्टेशन फोर्डने २०१८ साली विकत घेतले, नीट केले आणि जून २०२४ मध्ये लोकांसाठी उघडले. आणि त्या गवताच्या मोकळ्या जागांवर लोकांनी भाजीपाला लावला आहे. २०१३ सालीच पालिकेने शहरात शेती करायला रीतसर नियम करून दिले. मी दोन-तीन मळे हिंडून पाहिले. टोमॅटो, केल नावाची पालेभाजी, वांगी, झेंडू. कारखान्यांच्या शहरातल्या मातीत शिशाचा अंश असू शकतो, म्हणून आधी माती तपासतात. जिथे शंका असेल तिथे लाकडी चौकटीत बाहेरची चांगली माती भरून वाफे करतात. माती परीक्षण करा म्हणून मी तीस वर्षे गावोगाव सांगत आलो, तेच सांगणारी पाटी तिथे भिंतीवर लावलेली पाहून मला हसू आले. एका मळ्यावर काळ्या वर्णाची एक वयस्क बाई खुरपत होती. तिचे वडील दक्षिणेतला कापूस सोडून मोटारीच्या कारखान्यात कामाला आले होते. लेक आता त्याच शहरात माती करत होती.

निघण्याच्या आदल्या दिवशी पुतण्या म्हणाला, "काका, एवढी आवड आहे तर जुनी एखादी बघू का? इथेच ठेवू. तुम्ही आलात की चालवा." मी किंमत विचारली. चांगल्या स्थितीतल्या जीटीओची किंमत आपल्याकडच्या चांगल्या बागायत जमिनीच्या तोंडात मारणारी निघाली. आमच्या सौ. काही बोलल्या नाहीत, नुसते माझ्याकडे पाहिले. मी नको म्हटले, आणि त्याची मला खंत वाटत नाही. आवड असणे वेगळे आणि वस्तू दारात असणे वेगळे. हे मी मुद्दाम लिहितो, कारण अलीकडे रस्त्यात जमीन गेली की मोबदल्यातून पहिली थोराड गाडी दारात येते आणि तिचे हप्ते राहिलेल्या जमिनीच्या बोकांडी बसतात. गाडी घ्यावी, जरूर घ्यावी. पण ती पिकातून घ्यावी, जमिनीतून नव्हे.

आणि एक गोष्ट जाता जाता सांगतो. तुमच्या गोठ्याच्या कोपऱ्यात, विहिरीच्या शेडमध्ये जुने डिझेल इंजिन पडलेले असेल. वीज आली, मोटार बसली, आणि ते पोत्याखाली गेले. भंगारवाला किलोच्या भावाने मागत असेल. देण्याआधी एखाद्या रविवारी घरातल्या पोराला, पोरीला हाताशी घ्या. पोते काढा, रॉकेल लावून गंज पुसा, जुने तेल काढून नवे घाला, हँडल मारून पाहा. कदाचित चालू होणार नाही. झाले तर धूर सोडील, आवाज करील आणि गल्लीतली पोरे जमतील. त्यांतल्या एखाद्याला आत डोकावू द्या.